उणे ऐंशी

फ्रीजरचं दार उघडलं की आधी वाफ येते,
मग थंडी, मग माणसं.
बावीस वर्षांतली माणसं,
करंगळीएवढ्या नळ्यांत,
माझ्याच अक्षरातले आकडे लावून उभी.
सोमवारी चाव्या द्यायच्यात.
सलोनी टिपणीस हातमोजे चढवत म्हणते,
मॅडम, जुने नमुने काढून टाकू या? जागा लागेल.

जागा. हो.

ज्या वर्षी विश्वामित्री फतेगंजात शिरली
आणि कुणीतरी फोन करून सांगितलं
की पार्किंगमध्ये मगर आहे,
त्या रात्री मी आणि वॉचमन राठवा
जनरेटरच्या डिझेलचे दोन डबे डोक्यावर धरून
कमरेएवढ्या पाण्यातून आलो होतो.
मगर होती की टायर, शेवटपर्यंत कळलं नाही.
घरी नवरा म्हणाला, लघवीच्या बाटल्यांसाठी?
मी म्हटलं, रक्तपण आहे.

आमचं यंत्र रेणूंना उडवतं
आणि वजनावरून ओळखतं,
भाजीवाल्यासारखं, फक्त काटा मारत नाही.
एका थेंबातून पडद्यावर हजार शिखरं उठतात:
कालची मेथी, पहाटेचा चहा,
उपाशीपोटी स्वतःलाच खाणारा स्नायू.
निम्म्यांना अजून नावं नाहीत.
नावं ठेवायची हौस होती मला. ती पुष्कळ भागली.

नमुना चारशे सतरा.
रेवाबेन तडवी, वय चौतीस, वजन एकोणचाळीस,
गाव डभोईच्या पुढे, फाट्यावरून आत.
रोज दूध केटलुं?
बे लोटा.
मी लिहिलं: दोन लोटे.

दूध पिणाऱ्याच्या रक्तात
पंधरा कार्बनांचं एक आम्ल सापडतं.
त्याच्याबद्दल मी तासभर बोलू शकते, बोललेही आहे,
हैदराबादला, बर्लिनला, एकदा रोटरीतही.
चारशे सतरात ते जवळजवळ नव्हतंच.
मी दुसऱ्यांदा चालवलं. तिसऱ्यांदा.
मग शेरा मारला: माहिती अविश्वसनीय.
अशा त्रेपन्न बायका वगळल्या
आणि आलेख सरळ झाला.
तळटीप तीन. छापून आलं.
शाल मिळाली, नारळ मिळाला.

दोन वर्षांनी पुन्हा रक्त घ्यायला गेलो
तेव्हा रेवाबेन चुलीपाशी होती.
दूध वर येत होतं, ती फुंकरीनं साय मागे सारत होती.
एक लोटा डेअरीच्या मुलानं नेला,
दुसऱ्यातलं सासऱ्याचं, मुलाचं, उरलेलं चहाला.
भांडं विसळून ते पाणी तिनं शेळीला ओतलं.
मी विचारलं,
म्हणजे विचारायला नको होतं तसं विचारलं,
तू खोटं का सांगितलंस?
तिनं पदरानं हात पुसले.
तमे पूछ्युं, दूध केटलुं. में कह्युं, बे लोटा.
पीवानुं क्यां पूछ्युं हतुं?

परतताना जीपमध्ये कुणी बोललं नाही.
डभोईला दाबेली खाल्ली, तीही मुकाट.

त्यानंतरच्या प्रत्येक फॉर्मवर
एक शब्द वाढवला आम्ही: स्वतः.
तुम्ही स्वतः किती दूध पिता?
बावीस वर्षांचा शोध म्हणाल तर हा,
दोन अक्षरं आणि एक विसर्ग.
त्याच्यासाठी कुणी शाल देत नाही.
त्रेपन्नांतल्या एकोणीस जणींना पुढे साखर निघाली.
बारीक हाडांच्या, गोड न खाल्लेल्या.
रेवाबेन त्यांत होती की नाही माहीत नाही,
तोवर ती सुरतेकडे ऊसतोडीला गेली होती
आणि आमचं अनुदान संपलं होतं.

सलोनी यादी धरून उभी आहे.
चारशे ते साडेचारशे राहू दे, मी म्हणते.
प्रोजेक्ट चालू आहे का?
हो.
ती पेन्सिलीनं खूण करते, पुसता येईल अशी.

दार लावताना रबराची कड चिकटते,
दोनदा ढकलावं लागतं.
हे तिला सांगायचं राहिलंच.