उताणा तळहात

वायल्लात, ग्लेनिसच्या धुण्याच्या खोलीत
काचेच्या पेटीत लाल माती, चपट्या दगडांची चळत,
फटीच्या तोंडाशी काटेरी शेपटी,
आतून लावलेल्या कडीसारखी.

घोरपड. शेपटी सोडली तर वीतभर. नाव बिस्किट.
वरून हात आला की गडप.
वरून येतो तो ससाणा,
हे तिला अंड्यातूनच ठाऊक.

सकाळी दिव्याखाली पोट टेकून पसरते,
डोळे अर्धे मिटलेले, हिशेब पूर्ण उघडा.
झुरळ दिसलं की मात्र मागचापुढचा विचार नाही;
एकदा तर चिमटाच ओढून नेत होती.
दुपारभर उकरते. कुठे जायचंय कोण जाणे,
खाली काच आहे.

तीन वर्षं ग्लेनिसने रोज
तळहात उताणा ठेवला मातीवर
आणि स्कूलबसची वेळ होईपर्यंत
काही मागितलं नाही.

जुलैत, ऐन थंडीत, एका पहाटे दिवा गेला.
आधी जीभ आली, मनगट चाखून गेली.
मग नखं, सावकाश.
मग सगळं वजन, लिंबाएवढं.

"ओळखते का गं तुला?" दारातून टेसाने विचारलं.
"ऊब ओळखते," ग्लेनिस म्हणाली,
आणि तो हात जराही न हलवता
दुसऱ्या हाताने बस डेपोला फोन लावू लागली.