डावीकडची आच

ग्रिम्सबीच्या आमच्या चॅपेलमधला ओव्हन
डावीकडे जास्त तापतो.
हे फक्त मला माहीत होतं.
एकोणीस वर्षं प्रभुभोजनाची भाकर मीच भाजली,
महिन्याच्या पहिल्या रविवारी, पहाटे,
गोदीवरचा मासळीचा वास
दार लावून बाहेर ठेवून.
वीस मिनिटं झाली की ट्रे फिरवायचा. एवढंच.
हे कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं.

मग राहुरीची सुवार्ता भिंगारदिवे आली.
हॉस्पिटलात नर्स, केस आखूड, हसणं मोठं.
एकदा घरून पाव करून आणला, तीळ लावलेला,
आणि बहिऱ्या डेनिसनेसुद्धा
कानातलं यंत्र नीट बसवून विचारलं, कुणी केलाय?
पाळकबाई म्हणाल्या, "मिसेस ओहोळ, तुम्हीही आता दमत असाल."
मी म्हटलं, हो ना, बरंच झालं.
ही माझी पहिली लबाडी.

दुसरीला बोलावंही लागलं नाही.
तिला किल्ली दिली, मिठाची बरणी दाखवली,
झाकायचं पांढरं कापड दाखवलं,
ओव्हनपाशी आले
आणि गप्प राहिले.

रात्री प्रार्थना केली, तीसुद्धा नीटनेटकी:
आजाऱ्यांसाठी, राजासाठी, नगरकडच्या पावसासाठी.
तिचं नाव घेतलं नाही.
नावातच शुभवर्तमान, आणि माझ्या ओठांवर येईना.
काइनाची गोष्ट मी संडे स्कूलच्या पोरांना
किती वर्षं सांगितली, फळ्यावर कापडी चित्रं चिकटवून.
त्याचं शेत माझ्या परसापर्यंत येतं
हे कधी लक्षातच आलं नाही.

रविवारी भाकर अर्धी काळी.
सुवार्ता दारात उभी राहून एकेकाला सॉरी म्हणत होती.
मला म्हणाली, "मावशी, तुमची सर नाही आली हो."
मी तिचा हात थोपटला.
तिचा गरम होता, पिठाचा. माझा थंड.

पाळकबाईंनी भाकर मोडली.
ताट रांगेतून फिरत माझ्यापर्यंत आलं.
मी उजवीकडचा तुकडा शोधला.
तो कुणीतरी आधीच घेतला होता,
माझ्यापुरता कोळसा उरला होता.
"तुमच्यासाठी," शेजारचा पोरगा म्हणाला,
आम्ही सगळे एकमेकांना म्हणतो तसंच.

कडू लागला. चावत राहिले.
छत फाटलं नाही, दिवे हलले नाहीत,
खिडकीवर हंबरचा वारा धडका देत होता, रोजच्यासारखा.
फक्त कुणीतरी, अगदी हळू, विचारलं,
काहीतरी जळतंय ना गं?
मी सवयीने स्वयंपाकघराकडे पाहिलं.
ओव्हन तर केव्हाचा बंद होता.

उपासनेनंतर ती सिंकपाशी ट्रे घासत होती.
मी फडकं घेऊन शेजारी उभी राहिले
आणि सांगितलं. मराठीतच सांगितलं,
इंग्रजीत सांगितलं असतं तर कुठेतरी निसटले असते.
"मला माहीत होतं. मुद्दाम नाही बोलले.
तू आलीस त्या दिवसापासून मी जळतेय."

ती घासत राहिली. काळं निघत नव्हतं.
मग म्हणाली, "पहाटे इथे एकटी रडले मी, मावशी."
माफ केलं असं काही म्हणाली नाही.
ट्रे धुतला, पाणी निथळू दिलं,
आणि माझ्या हातात दिला, पुसायला.

मला वाटलं होतं, एकदा कबूल केलं की विझेल.
परवा डेनिसने दोनदा हात पुढे केला, तिच्या भाकरीसाठी,
आणि छातीत, डावीकडे,
ती ओळखीची आच.
पूर्वी मी तिला पाठीचं दुखणं म्हणायचे.
आता तिथेच, कोटाची बटणं लावता लावता म्हणते,
प्रभू, बघ जरा,
वीस मिनिटं होऊन गेली.
फिरव मला.