कठड्याची उंची

बोटीतून उतरताना अफिनोगेन म्हणाला,
गवताकडे बघ. जिथं जास्त हिरवं, तिथं घरं.

खरंच. उतारभर फिकं गवत, वाऱ्यानं एका कुशीवर निजवलेलं,
आणि मधेच गडद चौकोन, कमरेएवढे,
माशांची आतडी, राख, धुण्याचं पाणी,
सगळं पिऊन माजलेले.
पहिला फोटो त्यांचाच घेतला.
रोल कृष्णधवल आहे, हे बटण दाबल्यावर आठवलं.

उलागाक. अल्यूशियन बेटांतलं, उनांगनांचं गाव.
बेचाळीसच्या जूनमध्ये पलीकडच्या बंदरावर जपानी विमानं आली
आणि जुलैत इथं आपल्याच सरकारचं जहाज.
माणशी एक बोचकं. दुपारच्या आत.
कुठं नेणार ते सांगितलं नाही, आणणार कधी तेही नाही.
त्याच्या आईनं रश्श्यावर झाकण ठेवलं,
वर एक दगड, कोल्ह्यांसाठी.
दाराला कुलूप कुणीच घातलं नाही.
कुलूप गावात एकच होतं, तेही दुकानाचं.

तो सांगत राहतो, मी उजेड मोजत राहते.
इथला उजेड धुक्यातून गाळून येतो,
कशाचीच सावली पडत नाही,
ट्रायपॉडच्या पोटाला गोट्यांची पिशवी टांगली
तरी वारा चौकट हलवतोच.

चर्चचा घुमट गवतात पडलाय, एका अंगानं सोललेला कांदा.
आत कोल्हीण व्यालेली. वाकले तर गुरगुरली.
तो फोटो नाही.

लोक गेल्यावर सैनिक राहिले इथं.
दारं त्यांनी जाळली, मग खाटा, मग चर्चची बाकं.
उरलेल्या एका फळीवर सुरीनं कोरलंय:
ड्वेन, नेब्रास्का. मला इथून न्या.
अफिनोगेननं अक्षरांवरून अंगठा फिरवला.
याला नेलं का गं कुणी, म्हणाला,
आणि इतका हसला की खोकला लागला.

दक्षिणेकडे, जंगलात, मासे डबाबंद करायचा बंद कारखाना.
तिथं ठेवलं त्यांना. तीन हिवाळे.
या बेटांवर झाड नाही, एकसुद्धा.
तिथं झाडं इतकी जवळ की आभाळाची विहीर झाली.
अग्राफेना, त्याची बहीण, चार वर्षांची,
पहिल्या रात्री विचारत होती,
बाहेर कोण उभं आहे? अजून उभं आहे का?
दुसऱ्या हिवाळ्यात गोवर आला.
खणताना मुळं आडवी येत होती, एवढंच तो सांगतो,
आणि बूट झटकतो.

लढाई संपली. परत आणलं, पण इथं नाही.
उलागाक लांब पडतं, म्हणाले, आणि तुम्ही आता थोडेच.

पस्तीस झाले. चुलीचं पोलाद, बुटाचा तळ,
काटेरी तारेत अडकलेली लोकर, कुणाची ते कळलं नाही.
त्याच्या घराच्या चौकोनात तो उतरलाच नाही.
काठावरून बघितलं, नाक ओढलं,
चल, म्हणाला, भरती वळतेय.

बोट सुटली. शेवटचा फोटो तुझा, मी म्हटलं,
मागं गाव येईल, टोपी काढ.
टोपी त्यानं काढली नाही.
माझ्या खांद्यावर हात टेकून, एक गुडघा, मग दुसरा,
ओल्या फळ्यांवर बसला,
हनुवटी कठड्याखाली जाईपर्यंत.

सात वर्षांचा होतो, म्हणाला.
सगळे ओळीनं उभे होते, बघत होते, रडत होते.
आई वरून सांगायची, आता शाळा गेली,
आता आजोबांची होडी.
मला हे दिसत होतं. इथून घे.

मी शेजारी बसले.
वीतभर अंतरावर लोखंड. राखाडी रंगाचे पापुद्रे,
रिव्हेटांची रांग, एकाखालून
गंजाचा ओघळ.
त्यापलीकडे गाव सरकत होतं, मी मान वर केली नाही.
फोकस लावला. दाबलं.
रोल आपोआप उलटा फिरू लागला, कुरकुरत.

तो उठला नाही.
सांग आता, खालूनच म्हणाला.

मी उभी राहिले, डोळे पुसले, खारं पाणी होतं.
घुमट, म्हटलं.
घुमट आहे अजून.