मूळ प्रत

शनिवार, सकाळचे सात, सेमिनरी हिल्स.
बारापात्रे मॅडम म्हणाल्या, आपापलं फूल निवडा,
पण तोडायचं नाही कुणी.

डॉक्टर उमाठेंनी बोगनवेल घेतली,
सावलीत होती म्हणून.
कॉलेजातल्या दोघी पळसाखाली बसल्या
आणि एकमेकींचेच फोटो काढू लागल्या.
मी कुंपणाजवळच्या रुईपाशी स्टूल टाकलं.
तिथे गर्दी नव्हती.

एकतीस वर्षं मी कोळशाच्या कचेरीत ट्रेसर होते.
वर ट्रेसिंग पेपर, खाली दुसऱ्याचा नकाशा:
सावनेरकडच्या गॅलऱ्या, सोडलेले खांब, पाण्याची पातळी.
खाण कधी पाहिली नाही,
रेघ मात्र थरथरली नाही.

इथे कागदाखाली काहीच नाही.
आणि मॅडम मागून म्हणतात,
माहीत आहे ते नको, दिसतंय ते काढा.

दिसतंय ते असं:
पाच पाकळ्या, मागे वळलेल्या,
कडेला जांभळ्या, बुडाशी राखी.
मधोमध मुकुट, कंपास लावून कोरल्यासारखा.
(आमचे हेड ड्राफ्ट्समन म्हणायचे,
पाचाचा कोन बहात्तर,
देवालाही त्यात सूट नाही.)
एक मुंगळा वर चढला
आणि उतरायची वाट विसरला.
पहिली पाकळी फसली, पाटीसारखी सपाट.
दुसरी बरी.
तिसरीत तो पीळ सापडला, बुडाशी असतो तो,
तेव्हा बराच वेळ
मी श्वास घेतलेला आठवत नाही.

तेवढ्यात चौकीदार, हातात पिशवी.
‘काय काढून राहिल्या, बाई?’
‘रुईचं फूल.’
‘फोटो काढा ना मंग, दोन मिन्टाचं काम.’
बोलता बोलता झुडूप हललं,
कट, कट, कट,
माझंही गेलं पिशवीत.
‘शनिवार हाय ना. मारुतीले माळ लागते.’

तुटल्या देठातून चीक आला.
एक थेंब कागदावर.
मी खोडरबर उचललं,
मॅडमनी मनगट धरलं.

शेजारी एक कळी होती, उमलायच्या बेतात.
तिच्यावरून उरलेल्या दोन सहज जमल्या असत्या,
हात नकलेचाच आहे माझा.
हात बराच वेळ तसाच राहिला.

ऊन स्टुलाखाली शिरलं. थेंब वाळून पिवळा पडला.
मी उजव्या कोपऱ्यात चौकट आखली,
कचेरीत आखायचे तशी:
तारीख, वेळ, स्केल एकास एक.
आणि खाली बारीक निबेने,
पाकळ्या तीन. शीट अपूर्ण.
मूळ प्रत मारुतीकडे.