मिनिटाला वीस थेंब

कळंब्याकडच्या आमच्या दीड गुंठ्यात
मी रोज संध्याकाळी पाईप सोडायचो,
अंगठ्यानं तोंड दाबून, फवारा उडवत.
फरशी, चपला, शेजारच्या घाटग्यांची मोटरसायकल
सगळं न्हाऊन निघायचं;
जास्वंदीच्या मुळाशी तेवढं कोरडं.

शालन सव्वीस वर्षं सीपीआरला नर्स.
रिटायर झाली त्या आठवड्यात
मुदत संपलेले सलाइनचे सेट कुठूनसे घेऊन आली
आणि पाईप गुंडाळून माळ्यावर टाकला.
"पेशंटच्या तोंडावर बादली ओततंय होय कोण?"

आता कुंडीकुंडीवर बाटली उलटी टांगलेली.
ती चाक फिरवते, घड्याळ बघते, ओठ हलतात:
मोगऱ्याला वीस, कढीपत्त्याला बारा,
कोरफडीला "डिस्चार्ज. आठवड्यानं दाखवायला या."
मातीवर उसाचा पाला,
अंगावर चादर ओढावी तसा.

मी हसलो. पुरात मामाच्या घरात
गळ्याएवढं पाणी होतं, म्हटलं,
आणि या गावात तू थेंब मोजतीस?
ती चाकावरून नजर न काढता म्हणाली,
"त्याच पुरात आठ दिस नळ कोरडा हुता.
विसरलासा?"

काल रात्री लाइट गेली.
पंखा थांबल्यावर ऐकू आलं,
पाल्यावर टप्
मग बराच वेळ काहीच नाही
टप्.
मोगऱ्याच्या उशाशी जाऊन बसलो,
मनगट धरावं तशी
फांदी दोन बोटांत.
अठरापर्यंतच भरले.
चाक किंचित सैल केलं,
तिला न सांगता.