इंजिन बंद कर

इथं इंजिन बंद कर, सायसिंग.
खाली खात्र्याचा आंबा आहे.
पंख्यात फांदी अडकली
तर नर्सबाईंचा लसीचा डबा
उन्हात तापत बसेल.

वल्हं घे. डावीकडं.
ही शाळेची उतरण.
इथंच आमची बैलं अडून बसायची.

श्रावणात सोपं असतं,
नर्मदा इतकी वर की खालचं काही लागत नाही.
थंडीत तोरणमाळकडून धुकं येतं,
समोरचा काठ पुसून टाकतं.
मी पलीकडच्या पाड्यातल्या कुत्र्यावर नाव धरतो.
म्हातारं झालंय ते. दुसरी खूण बघायला हवी.

मोह गळायला लागला
की पहाटेच टोपल्या डोंगरात,
नावेला गिऱ्हाईक नाही.
मग मी डांबर तापवतो, फटी बुजवतो,
बोटांना आखाजीपर्यंत वास.

जेठात पाणी उतरतं.
आधी आंब्याचं बोडखं डोकं,
मग खळ्याचा खांब,
एखाद्या साली आमच्या चुलीचे दगड.
दोनच. तिसरा गाळात.

परवा सर्व्हेवाल्यानं विचारलं, इथं खोल किती?
म्हटलं, बाप उभा राहिला तर बुडेल.
बापाच्या खांद्यावर मी बसलो
तर माझं नाक वर.
त्यानं वहीत काहीतरी आकडा लिहिला.

तू लिहू नकोस. पायानं ध्यानात ठेव,
नावेत बसूनसुद्धा.

झालं, आंबा मागं गेला.
चालू कर.
बाई घड्याळ बघतायत.