दशांशानंतरची तीन घरं

रियालला दशांशानंतर तीन घरं असतात.
रुवीत नवी आले तेव्हा याचं केवढं अप्रूप होतं मला,
आपल्याकडे पैशाला दोनच.
आता ठाऊक आहे कुठल्या घरात कोण राहतं:
पहिल्यात दूध,
दुसऱ्यात कोथिंबिरीची जुडी,
तिसरं बहुधा रिकामंच.

शुक्रवारी दिगंबरने सतरंजीवर सगळं ओतलं.
बँकेचं पत्र, कार्डाचं पत्र, शाळेची पावती,
आणि मोईदूकाच्या वहीतून फाडून आणलेलं पान.
त्यात आमचं नाव नाही,
"तिसरा मजला, मुलगी" एवढंच मल्याळीत;
त्यानेच वाचून दाखवलं होतं, खाली बघत.

पगार तीनशे ऐंशी.
भाडं दीडशे, बँक ब्याण्णव,
कार्डाला किमान पंचवीस
(किमान हा शब्द गुळाच्या खड्यासारखा,
ठेवला की मुंग्या लागतात),
शाळा आणि बस मिळून त्र्याहत्तर,
गुहागरला सत्तर.
बेरीज चारशे दहा,
आणि अजून आम्ही जेवलो नव्हतो.

"आणखी काही?" मी विचारलं.
तो खिडकीबाहेर बघत राहिला,
त्या बोडक्या डोंगराकडे,
ज्यावर लपायला एक झुडूप नाही.
मग म्हणाला, थॉमसकडून दोनशे.
गेल्या शिमग्यात.
पालखी दारात यायची होती,
भिंतींना रंग हवा होता.

मी उठले, तांदळाच्या डब्यात हात घातला,
कोपरापर्यंत,
आणि माझाही कागद काढला:
मिक्सर, हप्त्याने,
त्रेचाळीस रियाल सातशे पन्नास बैसा.

नऊ वर्षांत एकमेकांसमोर
इतके उघडे कधी बसलो नव्हतो.
हसू आलं. आधी मला.

कृतिका शेजारीच वजाबाकी करत होती, हातच्याची.
दोनातून सात जात नाहीत,
मग शेजारच्या घरातून एक दशक उसना.
मीच शिकवलेलं.
तिने वरचा आकडा खोडला, एकने कमी केला,
आणि मान वर न करता विचारलं,
"आई, हा परत कधी द्यायचा?"
दिगंबरचं पेन थांबलं.
तिच्या पुस्तकात उत्तरांचं पान असतं मागे.
त्यात हे नव्हतं.

कार्ड मासे साफ करायच्या कात्रीने कापलं,
दोनदा सटकलं.
बेडरूम पुढच्या महिन्यापासून
इस्पितळातल्या दोन नर्सना, साठ रियालना;
आम्ही तिघं हॉलमध्ये, फ्रिजच्या घरघरीपाशी.
मोईदूकाला म्हटलं, दर गुरुवारी पाच देऊ.
"मेल्ले, मेल्ले," तो म्हणाला, हळूहळू,
आणि कृतिकाच्या हातात एक गोळी ठेवली.
ती वहीत लिहिली नाही ना,
हे मी वाकून पाहिलं. लाज वाटली नंतर.

राहिला फोन.
दिगंबर बाथरूममध्ये नळ सोडून उभा राहिला.
(पाणी फुकट नाही,
हेही मी त्याच क्षणी मनात टिपलं.)
"आई, वर्षभर अर्धेच येतील."
पलीकडे कोंबड्या.
एवढा वेळ कोंबड्याच, की मला वाटलं फोन ठेवलाय.
मग त्या म्हणाल्या,
"रंग तसापण पोपडलाच गो,"
आणि थोड्या वेळाने,
"पोरीचा दूध तेवढा तोडू नको."

नर्स आल्या, दोन बॅगा आणि एक कुकर घेऊन.
एक रात्रपाळीची. सकाळी ती झोपते
म्हणून आम्ही भांडीसुद्धा कुजबुजत घासतो.
थॉमसचे दोनशे तसेच आहेत;
तो काही बोलत नाही,
ते बोलण्यापेक्षा जड.

महिनाअखेरीला वही मांडली.
उरलं ते दिगंबरने दोनदा मोजलं,
मग मला मोजायला दिलं:
शून्य दशांश तीन शून्य पाच.

पहिल्या घरात उद्याचं दूध.
दुसऱ्यात कोणी नाही.
तिसऱ्यात पाच.
तिथे कुणीतरी राहायला आलं होतं.